घडीचा चाकू वर्षानुवर्षं वापरताना: पिव्हट, लॉक आणि धार

महागाचा घडीचा चाकू रोज खिशात असला, रोज चार गोष्टी कापत असला, तरी निव्वळ वापराने तो फार हळू झिजतो. त्याचं आयुष्य कमी होतं ते हौसेने केलेल्या डागडुजीमुळे. स्क्रू नको तितके आवळले जातात, धार नको तितक्या वेळा आणि दर वेळी वेगळ्या कोनात लावली जाते, उघडलेलं पातं अडवून धरणारी लॉकची पट्टी उगाच मागेपुढे वाकवली जाते. गंज, मोडलेलं टोक, सैल क्लिप ही दुखणी त्यानंतरची. म्हणून इथे पिव्हट, लॉक आणि धार यांवरच भर आहे.

आधी चाकूची रचना ओळखा

या वर्गातल्या बऱ्याच चाकूंची मूठ ग्रेड ५ टायटॅनियमची असते: सुमारे ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. हा धातू गंजत नाही आणि वजनाला पोलादाच्या जेमतेम साठ टक्के भरतो. मात्र कडक पोलादावर घासला गेला की त्याला चिकटतो. लॉकच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या चिकटण्यात आहे.

पातं बहुधा पावडर पद्धतीने बनवलेल्या स्टेनलेस पोलादाचं असतं. २००१ मध्ये आलेलं सीपीएम एस३०व्ही. २००९ मध्ये क्रुसिबल या पोलाद कंपनीने चाकू बनवणाऱ्या क्रिस रीव्ह यांच्या सहभागाने आणलेलं एस३५व्हीएन. २० टक्के क्रोमियमचं एम३९०. आणि २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. या सगळ्यांत व्हॅनेडियम आहे. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण नेहमीच्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. त्यामुळे साध्या दगडावर पोलाद झिजतं, कण मात्र तसेच राहतात, आणि तासभर घासूनही धार अर्धवटच येते. अशा पात्यांना डायमंड किंवा सीबीएनची (बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाची) प्लेट लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे पातं कशावर फिरतं. फॉस्फर ब्राँझच्या चपट्या वॉशरवर फिरत असेल तर उघडताना किंचित जड, गुळगुळीत चाल जाणवते. बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर असेल तर पातं स्वतःच्या वजनाने खाली येतं. वॉशरला धूळ सोसते, बेअरिंगला सोसत नाही. खिशातल्या कापडाची लव आणि बारीक रेती बेअरिंगच्या जाळीत अडकली की चाल करकरीत होते. रोज धुळीत काम असेल तर वॉशरचा चाकू कमी कटकटीचा, यात आम्हाला शंका नाही.

पिव्हट बसवणं

पिव्हट म्हणजे ज्या खिळीभोवती पातं फिरतं ती. तिचा स्क्रू किती आवळावा, इथे बहुतेकांचा हात चुकतो. जास्त आवळला की वॉशर दाबले जाऊन चाल जड होते. मग लोक तेल घालतात, तेलाला लव चिकटते आणि चाल आणखी जड होते. कमी आवळला की पातं डावीउजवीकडे हलतं.

पद्धत अशी. पातं पूर्ण उघडा, लॉक बसू द्या. पात्याची पाठ टोकाजवळ दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवून बघा. आता स्क्रू सैल करत जा, इतका की हालचाल स्पष्ट जाणवेल. मग एका वेळी अष्टमांश फेरा आवळा आणि दर वेळी पुन्हा हलवून बघा. हालचाल ज्या क्षणी थांबते, तिथून पुढे फक्त केसभर जा आणि थांबा. पातं मिटून परत उघडून खात्री करा. लॉक सोडल्यावर, हलका झटका दिला की पातं खाली यायला हवं. हाताने ढकलावं लागत असेल तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे. ही चाचणी करताना बोटं पात्याच्या वाटेत नसावीत, हे पहिल्यांदा आणि शंभराव्यांदाही लक्षात ठेवा.

काही चाकूंत पिव्हटभोवती अचूक मापाचं बुशिंग, म्हणजे आखूड नळी, असतं. क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झाची रचना अशी आहे (सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ ‘काम’). तिथे स्क्रू बुशिंगला टेकेपर्यंत आवळायचा असतो, चाल बुशिंगची लांबी ठरवते. अशा चाकूत स्क्रू सैल ठेवून चाल हलकी करू नका.

स्क्रू परत परत सैल होत असेल तर आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर लावा. थेंब खसखशीच्या दाण्याएवढा पुरे. लावण्याआधी आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा, तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. थेंब जास्त झाला तर आत उतरून वॉशरला लागतो आणि पातंच जखडतं. टायटॅनियम आणि स्टेनलेसवर हे द्रव सावकाश सुकतं, म्हणून स्क्रू जुळवायला काही मिनिटं हाताशी असतात. एकदा जुळला की २४ तास चाकू बाजूला ठेवा. मध्येच पन्नास वेळा उघडझाप केली तर अर्धवट सुकलेला थर तुटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लाल, जास्त ताकदीचं थ्रेडलॉकर घडीच्या चाकूला कधीच वापरू नका. पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच घासलं जाईल.

उघडून साफ करायचं की नाही

वर्षातून एकदा पुरे. पुष्कळ चाकूंना तेही लागत नाही. आधी न उघडता होणारी सफाई करून बघा. पातं उघडून कोमट पाण्याखाली धरा, भांडी घासायच्या पातळ साबणाचा थेंब आणि मऊ दातघासणी घेऊन पिव्हटच्या आसपास घासा, भरपूर पाण्याने धुवा, हवेच्या फुंकरीने आतलं पाणी उडवा आणि पातं उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पिव्हटच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकावरून एकेक थेंब तेल सोडा, दहा-पंधरा वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. चाकू खाण्याच्या वस्तूंना लागत असेल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइलच घ्या. लाकडाची किंवा शिंगाची मूठ असेल तर पाण्यात भिजवू नका.

एवढ्यानेही करकर जात नसेल, तरच चाकू उघडा. त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. काही कंपन्या चाकूसोबत चाव्या देतात, काहींच्या अटीत उघडलेल्या चाकूची वॉरंटी संपते.

स्क्रू बहुधा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे), टी६, टी८ किंवा टी१० मापाचे असतात. बिट चांगल्या पोलादाची घ्या आणि फिरवण्याआधी खाचेत तळापर्यंत बसली आहे ना, ते बघा. खाचेत मळ असेल तर टाचणीने काढा. बिट सरळ उभी धरून खाली दाबत फिरवा. टी६चा स्क्रू आणि बिट दोन्ही नाजूक. जोर लागतोय असं वाटलं की थांबा. आत सुकलेलं थ्रेडलॉकर उष्णतेने मऊ होतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा ते एक मिनिट टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. मूठ प्लास्टिकची किंवा कार्बन फायबरची असेल तर उष्णता स्क्रूपुरतीच ठेवा.

सुटे भाग कडा असलेल्या ताटलीत, खाली पांढरं कापड घालून ठेवा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. वॉशर ज्या बाजूला, जसा होता, तसाच परत बसवायचा. वापराने त्याची एक बाजू पात्याशी आणि दुसरी मुठीशी जुळलेली असते. ब्राँझचा वॉशर काळपट दिसला तरी सँडपेपर लावू नका. अल्कोहोलने पुसला की पुरे. बेअरिंगची जाळी कोणत्या बाजूने बसली होती तेही फोटोत यायला हवं. उलटी बसवली तर चाल खरखरीत होते, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. वॉशरवर तेलाचा इतकाच थर द्या की बोट फिरवल्यावर चकाकी दिसेल, ओघळ दिसणार नाही.

लॉक

मुठीचीच एक पट्टी आत वळून पात्याच्या मागच्या उतरत्या तोंडाला टेकते, त्याला फ्रेम लॉक म्हणतात. पट्टी वेगळी, मुठीच्या आत असेल तर लायनर लॉक. दोन्हींत पट्टीचं तोंड पात्याच्या तोंडावर किती सरकलं आहे, हे बघायची सवय लावा. चाकू उघडा, मागून उजेडात धरा. नव्या चाकूत पट्टी पात्याच्या जाडीच्या साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत आलेली असते. वर्षांनुवर्षं दोन्ही तोंडं घासली जातात तशी ती पुढे सरकत जाते, म्हणजेच झीज आपोआप भरून काढते. दर सहा महिन्यांनी त्याच कोनातून एक फोटो काढून ठेवला तर अंदाज बांधावा लागत नाही. ६० टक्क्यांवर चाकू अगदी ठणठणीत असतो. पट्टी पलीकडच्या बाजूला टेकायला आली, किंवा लॉक बसल्यावरही पातं वरखाली हलू लागलं, की चाकू बनवणाऱ्याकडे पाठवा. ते लॉकचा तुकडा बदलतात किंवा जास्त जाड अटकाव-खिळी (उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती) बसवतात. घरी कानस लावून हे जमत नाही. तोंडाचा उतार एखाद्या अंशाने बदलला तरी लॉक घसरतं, आणि घसरलेलं लॉक थेट बोटांवर मिटतं.

नव्या फ्रेम लॉकची नेहमीची तक्रार म्हणजे मिटताना पट्टी चिकटते, ‘टक्’ आवाज येतो आणि अंगठ्याला जोर लागतो. टायटॅनियमचे सूक्ष्म कण पोलादाला चिकटून फाटतात, त्याचा हा आवाज. दोन्ही तोंडं अल्कोहोलने पुसा आणि पात्याच्या तोंडावर शिसपेन्सिलीने एक-दोन रेघा ओढा. ग्रॅफाइटमुळे चिकटणं थांबतं आणि काही आठवड्यांत तोंडं एकमेकांना सरावतात. लॉकच्या तोंडावर तेल घालू नका. ज्या चाकूंच्या पट्टीला टोकाशी पोलादाचा तुकडा जोडलेला असतो, त्यांत हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

चाकू झटक्याने उघडण्याचा मोह होतो. दिवसातून दहा कामांसाठी दहा वेळा उघडणं वेगळं आणि हातचाळा म्हणून दोनशे वेळा झटकणं वेगळं; लॉकचं तोंड या दुसऱ्या सवयीने झिजतं. मिटताना पट्टी पात्यातून सुटेल इतकीच सरकवा. मुठीच्या बाहेर ओढत गेलात तर तिचा ताण कायमचा कमी होतो. चाकू बनवणारे रिक हिंडरर यांनी पट्टीला बाहेर जाण्यापासून अडवणारी चकती बसवली ती याच कारणासाठी. आणि लॉक तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नका. प्रत्येक आपटीत लॉकच्या तोंडावर ठोका बसतो. पाठीवर तळहाताने स्थिर दाब देऊन बघणं पुरेसं आहे.

पट्टीच्या पोटात एक बारीक कडक गोळी असते. पातं मिटलं की ती पात्यातल्या खळग्यात बसते आणि खिशात पातं मिटलेलं राहतं. गोळीची पकड तपासायला मिटलेला चाकू टोक खाली करून हलकेच हिसडा. पातं बाहेर डोकावलं तर तो चाकू खिशात ठेवायचा नाही. उलट, पातं उघडतच नसेल तर आपली बोटं पट्टीवर दाबली जात नाहीत ना, ते बघा. पट्टीवर दाब आला की गोळी खळग्यात आणखी घट्ट बसते. चाकू सदोष आहे असं वाटणाऱ्या कित्येकांची पकडच तशी असते.

आडव्या दांडीच्या लॉकमध्ये, उदाहरणार्थ बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ॲक्सिसमध्ये, दोन बाजूंना दोन नाजूक स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरी काम निभावते, पण दांडी एका बाजूने ढिली लागू लागते. ही खूण ओळखून लगेच स्प्रिंग बदलून घ्या.

धार

घडीच्या चाकूला दर बाजूला १७ ते २० अंशांचा कोन रोजच्या कामाला योग्य. त्याहून बारीक कोन कागदावर सुरेख चालतो आणि पुठ्ठ्यातल्या पिनेवर एका क्षणात खपल्या टाकतो.

रोजचं पहिलं काम धार लावण्याचं नसून ती टिकवण्याचं आहे. चामड्याच्या पट्ट्यावर १ ते ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावा आणि आठवड्यातून एकदा पातं दर बाजूला आठ-दहा वेळा फिरवा, पाठ पुढे आणि धार मागे. फेरा संपताना पातं उचलायच्या आधी थांबवा; मनगट वळवून उचललं की धार गोल होते. एवढं नियमित केलं तर दगडाची वेळ काही महिन्यांनी येते.

ती वेळ कशी ओळखायची? दिव्याखाली धार सरळ आपल्याकडे धरा. चांगली धार दिसतच नाही. बोथट जागी पांढरी चमकती रेघ किंवा ठिपके दिसतात, कारण तिथे उजेड परतवायला सपाटी तयार झालेली असते. पातळ कागद कापताना पातं नेमकं त्याच जागी अडखळेल.

धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंना काळा मार्कर फिरवा. ४०० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितकी प्लेट बारीक) डायमंड प्लेटवर एक-दोन हलके हात मारून बघा. शाई वरच्या कडेला गेली तर कोन कमी पडतोय, अगदी धारेच्या टोकाशीच गेली तर जास्त होतोय. संपूर्ण उतारावरून शाई जाऊ लागली की तो कोन हाताने पकडून ठेवा. आता एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टाचेपासून (धारेचा मुठीजवळचा भाग) टोकापर्यंत बर येईपर्यंत. बर म्हणजे धारेच्या पलीकडे वळलेली धातूची बारीक तार. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने आडवा सरकवला की खरखर लागते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका. पूर्ण लांबीत बर आली नसेल तर पुढच्या प्लेटकडे वळण्यात अर्थ नाही. न लागणाऱ्या धारेचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

मग बाजू बदला. पुन्हा बर आली की एकेक हात आलटून पालटून, दर वेळी दाब कमी करत. दाब डोळ्यांनी बघायचा असेल तर प्लेट वजनकाट्यावर ठेवा: सुरुवातीला ४००-५०० ग्रॅम, शेवटी १०० ग्रॅमच्या आत. ६०० किंवा १००० ग्रिटवर हेच परत, फक्त हलक्या हाताने. शेवटी पट्टा. पट्ट्यावर गेल्यावरही बर शिल्लक असेल तर चाकू पहिल्या दिवशी केस कापेल आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटेल, कारण ती तार मोडून गेलेली असते.

विजेच्या कोरड्या चाकावर हा चाकू देऊ नका. धारेजवळचं पोलाद कागदाइतकं पातळ असतं, ठिणग्या दिसतात तिथे त्याचं पाणी उतरतं. कारखान्यातल्या पट्ट्यावर लावलेली पहिली धारही कधीकधी अशी तापलेली असते. म्हणून हाताने दोनतीनदा धार लावल्यावर तोच चाकू जास्त टिकू लागला तर नवल मानू नका.

टाचेकडे विशेष लक्ष द्या. दर वेळी टाचेचे शेवटचे दोन मिलिमीटर सुटले तर काही वर्षांत तिथे उंचवटा उरतो आणि पुढे पातं खोल जातं. मग सपाट फळीवर कापताना धार मध्येच टेकत नाही. धार जिथे सुरू होते तिथे खाच असलेली पाती या बाबतीत सोपी.

आणखी एक बदल इतका हळू होतो की कळतही नाही. पातं पाठीकडे जाड होत जातं, म्हणून दर वेळी धार वर सरकते तशी धारेमागची जाडी वाढते. ०.५ मिलिमीटर जाडी आणि २० अंशांवर धारेचा उतार सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद दिसतो. जाडी ०.८ झाली की तोच उतार १.२च्या जवळ जातो. मोजपट्टी आणि भिंग घेऊन वर्षातून एकदा हे बघा. उतार रुंद होत चालला आणि धार असूनही पातं पुठ्ठ्यात पाचरीसारखं अडकू लागलं, तर कोन १७ अंशांवर आणून पातळ करून घ्यायची वेळ झाली.

कापताना आणि खिशात

पुठ्ठा धार खातो, कारण त्यात माती आणि बारीक रेती असते. लांब काप घेताना पात्याचा मधला भाग वापरा आणि टोक शेवटच्या नाजूक कामासाठी राखा. प्लास्टिकची बांधणीपट्टी टाचेजवळच्या धारेने कापा, तिथे जोर जास्त मिळतो. काचेवर, चिनी मातीच्या ताटलीत किंवा दगडी ओट्यावर कापू नका. दोन काप आणि धार गेली. डबा उचकटायला किंवा स्क्रू फिरवायला टोक घातलं तर ते मोडतं: कठीण पोलाद दाब सोसतं, आडवा पीळ सोसत नाही. चिकटपट्टीचा चिकटा तेलाच्या बोळ्याने निघतो, नखाने खरवडू नका.

लिंबाचा रस, मीठ, घाम लागला असेल तर त्याच दिवशी धुवून पुसा. स्टेनलेससुद्धा गंजतं, आणि आधी गंजतं ते वॉशरखाली, जिथे ओल अडकते आणि नजर पोचत नाही. महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

टोक वर येईल अशी क्लिप असेल तर चाकू खिशाच्या मागच्या शिवणीला टेकवून ठेवा. पात्याची पाठ शिवणीवर दाबली जाते आणि चुकून उघडायला जागा राहत नाही. फोन आणि किल्ल्या त्या खिशात नकोत. क्लिपचे स्क्रू सगळ्यात आधी सैल होतात, ते महिन्यातून एकदा बघा. वाकवलेल्या पत्र्याची क्लिप घट्ट वाटली तर खाली आइसक्रीमची काडी सरकवून रात्रभर ठेवा. ठोकळ्यातून कोरलेली टायटॅनियमची क्लिप वाकवू नका.

रंगीत टायटॅनियमचा रंग म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी; त्यात रंगद्रव्य नसतं. बोटांच्या तेलाने तो फिका किंवा वेगळाच दिसतो आणि अल्कोहोलने पुसला की परत येतो. घासून गेलेला रंग मात्र पुसून येत नाही, पुन्हा विजेच्या द्रावणात बसवावा लागतो.

प्रवासाला निघताना तिथल्या नियमांत पात्याची लांबी, लॉक आणि एका हाताने उघडणं या तीन गोष्टींबद्दल काय म्हटलं आहे ते वाचा. विमानात चाकू केबिनच्या सामानात चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाकताना तो मिटून, कापडात गुंडाळून ठेवा आणि पोचल्यावर पिव्हटचा स्क्रू एकदा तपासा.